४५ लिटरच्या टाकीत ४८ लिटर मावलं कसं?

प्रेषक: खजिनदार
प्रति: मंडळ यादी

मंडळी,

वर्गणीबद्दलची मेल नाही, घाबरू नका. प्रश्न गाडीचा आहे.

माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये टाकी ४५ लिटरची म्हणून छापलंय. परवा काटा तळाला टेकला होता तेव्हा टाकी फुल्ल केली. कट झाल्यावर, म्हणजे नोझल आपोआप बंद पडल्यावर, नेहमीप्रमाणे ते आणखी दोन-तीनदा दाबून काठापर्यंत भरून घेतलं. पावती आली ४८.२ लिटरची! गाडी पंपापर्यंत चालत गेली, म्हणजे टाकीत थोडंफार शिल्लक होतंच. ते धरलं तर ४५ च्या टाकीत पन्नासच्या आसपास गेलं म्हणायचं. हा हिशेब काही केल्या जुळत नाही, तेव्हा पंपाचं मीटर पळतंय हे उघड आहे. लेखी तक्रार करावी म्हणतो. आणखी कुणाला असा अनुभव आलाय का?

— खजिनदार

प्रेषक: काका

खजिनदारसाहेब, पंपवाल्याला कशाला धारेवर धरता? कंपन्या टाकी मोठीच देतात आणि आकडा लहान सांगतात. डॅशबोर्डचंही तेच. माझी गाडी 'शून्य किलोमीटर' दाखवायला लागली की त्यानंतरही आरामात चाळीस-पन्नास किलोमीटर जाते. म्हणून मी दिवा लागल्याशिवाय पंपाकडे वळतच नाही. शिवाय टाकी रिकामी म्हणजे गाडी हलकी, आणि गाडी हलकी म्हणजे ॲव्हरेज जास्त. इतकी वर्षं असाच चालवतोय.

— काका

प्रेषक: वहिनी

काका, चाळीस-पन्नास किलोमीटर जाते हे टाकी भरताना कळलं की गाडी ढकलताना?

प्रेषक: ताई

दादा, तक्रार जरा थांबवा. माझी नोकरी गाड्यांच्या इंधनप्रणालीतच आहे, त्यामुळे हा प्रश्न मला घरीदारी सगळीकडे गाठतो. मेल लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मॅन्युअलमधला ४५ हा आकडा 'पहिला कट होईपर्यंत' एवढ्यापुरता असतो. टाकीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंतचं आकारमान त्याहून जास्तच असतं, कारण वरची जागा मुद्दाम मोकळी सोडलेली असते. पेट्रोल तापलं की फुगतं, दर १० अंशांना साधारण एक टक्का. जमिनीखालच्या साठ्यातलं गार पेट्रोल ४५ लिटर भरलंत आणि गाडी उन्हात उभी राहून ते २० अंशांनी तापलं, तर सुमारे ०.९ लिटर वाढलं. त्याला जागा नको? वाफेलाही जागा लागते. त्यात झाकणापासून टाकीपर्यंत येणारी नळी आहेच, काठापर्यंत भरलंत तर लिटरभर तिच्यातही मावतं. तुमचे जास्तीचे तीन लिटर ह्या जागांत जाऊन बसलेत. तळाशी जे शिल्लक होतं त्यातलं थोडं गाडीच्या टाकीतल्या इंधनपंपाला कधीच ओढता येत नाही. ते ४५ मध्ये धरायचं की नाही, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते.

आता कट होतो कसा ते बघा, म्हणजे 'आणखी दोन-तीनदा दाबून' मधली गोम कळेल. नोझलच्या टोकाशी एक बारीक भोक असतं. पुढच्या वेळी निरखून बघा. पेट्रोल वेगाने वाहत असताना नोझलच्या आतली नळी त्या भोकातून हवा खेचत असते. भोक पेट्रोलखाली बुडालं की हवा मिळेनाशी होते, आतला पडदा ओढला जातो आणि खटका पडतो. त्यात वीज नाही की सेन्सर नाही. म्हणून नोझल तिरकं धरलं, पेट्रोल जोरात सोडलं किंवा फेस आला, तर कट दर वेळी थोडा वेगळ्या पातळीला होतो.

पेट्रोल त्या भोकापर्यंत चढतं कशामुळे, तर टाकीच्या छताला एक तरंगता व्हॉल्व्ह असतो त्यामुळे. ठरलेल्या पातळीला पेट्रोल आलं की तो वर उचलला जातो आणि हवा बाहेर जायची वाट बंद करतो. कोंडलेली हवा पेट्रोलला आत येऊ देत नाही, ते नळीत चढतं आणि कट होतो. तुम्ही पुन्हा पुन्हा दाबता तेव्हा ती कोंडलेली हवा बारीक फटींतून हळूहळू निसटते आणि तिची जागा पेट्रोल घेतं. म्हणजे फुगण्यासाठी सोडलेली जागा तुम्ही स्वतःच्या हाताने भरून टाकता. मग ते पेट्रोल वाफेच्या नळीवाटे कोळशाच्या डब्यात उतरू शकतं. टाकीतली वाफ हवेत जाऊ नये म्हणून ती शोषून घेणारा सक्रिय कोळशाचा हा डबा असतो. तो वाफेसाठी आहे, द्रवासाठी नाही. एकदा भिजला की गाडी भरल्यावर सुरू व्हायला कुरकुरते, इंजिनचा दिवा लागतो आणि शेवटी डबाच बदलावा लागतो. पहिल्या कटला थांबा. पावतीचा आकडा गोल व्हावा म्हणून फार तर एकदा हलकेच दाबा. माझ्या गाडीत मी तेही करू देत नाही.

पंपाचं मीटर चुकीचं असू शकतं, नाही असं नाही. पण तुमच्या पावतीवरून ते सिद्ध होत नाही. मीटर तपासायचं तर प्रमाणित मापात मोजून घेतात, गाडीची टाकी हे माप नव्हे.

आता काका. तुमचं ॲव्हरेजचं गणित करू. पेट्रोल लिटरला साधारण पाऊण किलो भरतं. टाकी अर्धी ठेवून तुम्ही वीस-बावीस लिटर, म्हणजे पंधरा-सोळा किलो वाचवता. पंचेचाळीस किलो वजनाने ॲव्हरेजमध्ये जेमतेम एक टक्का फरक पडतो, तेव्हा तुमच्या वाट्याला त्याचा तिसरा हिस्सा येतो. टायरमधली हवा कमी असेल तर ह्याहून जास्त जातं. आणि ज्या माणसाची टाकी कायम तळाला, त्याला पंपाच्या चकराही जास्त. वाचवलेलं तिथेच खर्ची पडतं.

— ताई

प्रेषक: काका

ताई, वजनाचं मान्य. पण शून्यानंतरचे पन्नास किलोमीटर खोटे का? मी स्वतः गेलोय. आमच्या जुन्या स्कूटरला रिझर्व्हचा कॉक होता, तसंच हे. फोक्सवॅगन बीटलला तर १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत काटाच नव्हता, पायापाशी रिझर्व्हचा कॉक असायचा. लोक जगलेच की!

— काका

प्रेषक: ताई

काका, तुमचंच उदाहरण घेते. स्कूटरच्या टाकीत कॉकला दोन तोंडं असतात, एक उंच, एक तळाशी. उंच तोंडाच्या खाली पातळी गेली की गाडी गचके देते, तुम्ही कॉक फिरवता आणि खालच्या तोंडातून पेट्रोल यायला लागतं. ते रिझर्व्ह खरं, कारण किती उरलंय ते नळीची उंचीच ठरवते. आजच्या गाडीत असं वेगळं रिझर्व्ह कुठेच नाही. पिकअप, म्हणजे टाकीतलं पेट्रोल ओढून घेणारं तोंड, एकच, तोही तळाशी. रिझर्व्ह म्हणून जे काही आहे ते डॅशबोर्डच्या अंदाजात आहे.

हा अंदाज किती कच्चा, तेही ऐका. टाकीत लांब दांड्यावर एक फ्लोट असतो, दांड्याच्या दुसऱ्या टोकाला रेझिस्टन्सची पट्टी. पातळी उतरली की दांडा उतरतो आणि काटाही. पण हल्लीच्या प्लॅस्टिकच्या टाक्या मागच्या सीटखाली, ॲक्सलच्या वर, जिथे जशी जागा मिळेल तशा वळवून साच्यात फुगवलेल्या असतात. एक सेंटिमीटर पातळी म्हणजे वर एक आकडा आणि खाली दुसराच. ज्या गाड्यांची मागची चाकं इंजिनवर चालतात त्यांत शाफ्टला वाट द्यायला टाकीचे दोन फुगे होतात. एका बाजूचं पेट्रोल दुसऱ्या बाजूला खेचायला छोटा जेट पंप असतो आणि फ्लोटही दोन. पेट्रोल हिंदकळून काटा नाचू नये म्हणून कॉम्प्युटर सरासरी काढत बसतो. काटा 'फुल्ल'वर बराच वेळ चिकटून राहतो आणि अर्ध्यानंतर झरझर उतरतो, अशी तक्रार बहुतेकांची असते. त्याचं कारण हे.

किलोमीटरचा आकडा त्याहून हवेतला. उरलेलं इंधन अंदाजाने, त्याला गुणायचं मागच्या काही अंतराच्या ॲव्हरेजने. घाट उतरून आलात तर आकडा चढतो, गर्दीत अडकलात की कोसळतो. शून्य कुठे दाखवायचं हे कंपनीने हात राखून ठरवलेलं असतं, म्हणून तुम्ही पन्नास किलोमीटर जाता. पण ते सपाट रस्त्यावर. तेच चढावर, गाडीचं नाक वर असताना, तळचं पेट्रोल मागे सरकतं आणि पिकअपचं तोंड उघडं पडू शकतं.

टाकी तळाला असण्याची किंमत मोजतो तो पंप. विजेवरचा हा पंप टाकीतच असतो, त्याच्या मोटरमधून पेट्रोल वाहतं आणि तेच तिला गार ठेवतं, तेच वंगण. पंप एका छोट्या भांड्यात बसवलेला असतो आणि ते भांडं भरलेलं राहील अशी सोय असते. त्यामुळे टाकी एखाद्या वेळी तळाला गेली तर काही बिघडत नाही. पण भांडंच रिकामं झालं की तो कोरडा फिरतो, आणि रोज दिव्यावर चालवलीत तर कायम गरम पेट्रोलात राबतो.

— ताई

प्रेषक: नवे सभासद

मध्येच तोंड घालतो. मी घेतलेल्या जुन्या गाडीच्या पुस्तकात टाकी '१२ गॅलन' लिहिलीय. लिटरमध्ये किती?

प्रेषक: ताई

पुस्तक कुठलं ते बघा. अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटरचा, ब्रिटिश ४.५४६ चा. म्हणजे ४५ लिटर तरी किंवा साडेचोपन्न तरी. मधलं काही नाही.

प्रेषक: वहिनी

ताई, आमच्याकडे नेहमी सांगतात की टाकी खाली गेली की तळचा गाळ इंजिनात जातो. ह्यात तथ्य किती?

आणि दुसरं, सहलीला मंडळाची डिझेल व्हॅन काका चालवणार आहेत. मला त्याची काळजी जास्त आहे.

प्रेषक: ताई

वहिनी, गाळाचं थोडंच खरं आहे. पिकअप पहिल्यापासून तळाशीच असतो, टाकी भरलेली असली तरी पेट्रोल तळातूनच ओढलं जातं. तेव्हा गाळ असलाच तर तो रोज थोडा थोडा येतो आणि जाळीत, फिल्टरमध्ये अडकतो. टाकीत पाणी असेल तर मात्र ते शेवटच्या दोन लिटरांत एकवटतं, तेवढं लक्षात असू द्या.

व्हॅनचं तुमचं बरोबर आहे. पेट्रोलची गाडी संपून बंद पडली तर पेट्रोल टाकून बहुधा परत चालू होते. डिझेलच्या लाइनीत एअर शिरते. हाताने पंप मारून एअर काढावी लागते, काही गाड्यांत ते काम मेकॅनिकशिवाय होत नाही. त्यातून हल्लीच्या कॉमन रेल इंजिनात, म्हणजे जिथे सगळ्या इंजेक्टरांना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं तिथे, दाबाचा पंप दीड-दोन हजार बारवर चालतो आणि त्याला वंगण डिझेलचंच. तो कोरडा फिरला तर धातूचा कीस थेट इंजेक्टरांत. काका, व्हॅन पाव टाकीच्या खाली उतरली की पंपावर घ्यायची. हे मी कार्यकारिणीच्या वतीने लिहितेय असं समजा.

प्रेषक: काका

कार्यकारिणीचा मान राखतो. व्हॅनपुरता.

प्रेषक: खजिनदार

तक्रार मागे. पण मला माझ्या टाकीचा खरा आकडा हवाच आहे. डब्यात पेट्रोल सोबत घेऊन गाडी बंद पडेपर्यंत चालवावी का?

प्रेषक: ताई

दादा, तसं नका करू. पेट्रोलचा डबा गाडीत ठेवणं हाच मुळात धोका, आणि कधी डबा भरायची वेळ आलीच तर तो जमिनीवर ठेवून भरा, गाडीत ठेवून नाही. स्थिर विजेची ठिणगी पुरते. शिवाय पेट्रोल संपत येताना इंजिन मिसफायर करतं, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात) जाऊन तो तापतो. चालत्या रस्त्यावर इंजिन बंद पडलं की ब्रेकला दोन-तीन दाबांपुरतीच मदत उरते, काही गाड्यांत स्टिअरिंगही जड होतं.

त्यापेक्षा सोपं आहे. सपाट जागेवरच्या एकाच पंपावर पहिल्या कटपर्यंत भरा. दिवा लागला की लगेच त्याच पंपावर पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरा. समजा ३८ लिटर गेलं. ४५ मधून ३८ वजा केले की दिवा लागताना सुमारे सात शिल्लक असतात असं धरा. दोन-तीन वेळा करून सरासरी घ्या, तुमच्याकडे तक्ते असतातच. त्या सातातलं शेवटचं लिटरभर आपलं मानू नका.

प्रेषक: नवे सभासद

आणि तरीही बंद पडलीच तर? माझ्या मित्राने लिटरभर टाकलं, गाडी ढिम्म हलेना.

प्रेषक: ताई

लिटरभर बऱ्याच टाक्यांत पसरून जातं, पिकअपच्या तोंडापर्यंत पुरत नाही. चार-पाच लिटर टाका, आणि गाडी उतारावर असेल तर त्याहून थोडं जास्तच. मग लगेच सेल्फ मारू नका. किल्ली 'ऑन'वर फिरवा, पंपाचा दोन-तीन सेकंद घूं आवाज येईल, तो थांबला की बंद करा आणि पुन्हा ऑन करा. असं चार-पाचदा केलंत की लाइनीत दाब भरतो. त्यानंतर सेल्फ मारा, एका वेळी दहा सेकंदांच्या वर नाही, नाहीतर पेट्रोल आहे पण बॅटरी गेली अशी गत व्हायची.