पायाजवळचा खडक जोडावर का तुटतो
कोकणकड्याच्या पॅनोरमात, म्हणजे शेजारशेजारचे फोटो जोडून केलेल्या रुंद चित्रात, दूरचे डोंगर छान जुळले, पण पायाजवळचा खडक जोडावर तुटला आणि आकाशात गडद पट्टा आला, असं तुम्ही लिहिलंय. खडकाचा दोष पॅरलॅक्सचा, म्हणजे बघायची जागा सरकली की जवळची वस्तू मागच्या दृश्यावर सरकलेली दिसते त्याचा. हातात कॅमेरा धरून आपण वळतो तेव्हा लेन्सच जागची सरकते. डोंगराला त्याचा फरक पडत नाही, दोन हातांवरच्या खडकाला पडतो. कॅमेरा ट्रायपॉडवर लेन्सच्या नो-पॅरलॅक्स पॉइंटभोवती फिरवा, म्हणजे ज्या बिंदूभोवती फिरवल्यावर असा फरक पडत नाही त्याच्याभोवती. तो शोधायला समोर काठी रोवून दूरच्या सुळक्याच्या रेषेत आणा, कॅमेरा रेलवर (ट्रायपॉडवरच्या सरकत्या पट्टीवर) थोडाथोडा मागे घेत फिरवून बघा. काठी सुळक्यावरून हलेनाशी झाली की जागा सापडली. इथे घाई करू नका, खरंच. आकाशातला पट्टा बहुधा पोलरायझरचा, म्हणजे लेन्सवर लावायच्या फिल्टरचा, तो काढाच. एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स मॅन्युअल, कॅमेरा उभा, शेजारच्या फोटोंचा ओव्हरलॅप एक तृतीयांश. मग हगिन (Hugin) या फोटो जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडून बघा, फुकट आहे.