‘फाईल डिस्क्रिप्टर’ला मराठीत काय लिहायचं?

टिळकवाडीकर: स्टोरेज ड्रायव्हरच्या चाचण्यांना नवा पर्याय जोडतोय. आजवर चाचणीला डिस्कचं नाव द्यायचं आणि ती स्वतः उघडायची, त्यासाठी रूटचे, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य वापरकर्त्याचे, अधिकार लागायचे. आता दुसऱ्याने उघडलेली डिस्कच तिच्या हाती देणार, म्हणजे तिचा फाईल डिस्क्रिप्टर (डिस्कही फाईलसारखीच उघडते). मदतीच्या मजकुरात ‘धारिका वर्णक’ चालेल का?

निपाणीकर: काय सांगालाय! ‘धारिका’ तिकडे मुंबईच्या मंत्रालयात. आपल्याकडे बेळगावात कचेरीत कन्नड ‘कडत’, घरी फाईल. आणि वर्णन कसलं त्यात? फाईल उघडल्यावर प्रोग्रामला मिळणारा नुसता आकडा. 0, 1, 2 इनपुट, आउटपुट, एररला गेलेले. पुढे मोकळा असलेला सगळ्यांत लहान आकडा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) देतो, म्हणून बहुतेकदा 3.

खानापूरकर: मग ‘फाईल क्रमांक’ म्हणा की.

निपाणीकर: क्रमांक आयनोडलाही (डिस्कवरच्या फाईलच्या नोंदीलाही) असतो, आणि तो फाईलचा. हा त्या उघडण्याचा. तीच फाईल दोनदा उघडली तर आकडे दोन आणि वाचायची जागाही दोन. ‘डुप’ केलं, म्हणजे डिस्क्रिप्टरची नक्कल काढली, तर आकडे दोन, जागा मात्र एकच. तुमच्या कामात हेच नडणार: पहिली चाचणी वाचत शेवटाला गेली की दुसरीला सुरुवातीलाच फाईल संपलेली दिसेल. ‘प्रीड’ हा वाचायचा कॉल वापरा, तो जागा हलवत नाही.

चिकोडीकर: ‘बिल्ला’? पूर्वी बँकेत पितळी मिळायचा. त्या बँकेबाहेर त्या आकड्याला काही अर्थ नाही. एका प्रोसेसमधला (चालू प्रोग्राममधला) 5 दुसरीत भलत्याच फाईलचा असतो, तसंच.

निपाणीकर: शब्द झकास, पण बिल्ला दुसऱ्याला नुसता देता येतो. इथे युनिक्स सॉकेटवरून (दोन प्रोसेसना जोडणाऱ्या वाटेवरून) डिस्क्रिप्टर पाठवलं तर पलीकडे बहुधा वेगळाच आकडा निघतो. एका प्रोसेसने सुरू केलेल्या दुसरीला वारशाने आला तरच तोच राहतो. तुमचा चाचणी चालवणारा प्रोग्राम पायथनचा असेल तर तेही आपोआप होत नाही. दुसरा प्रोग्राम सुरू करताना ‘पास_एफडीज’ या पर्यायात आकडा सांगावा लागतो.

खानापूरकर: आणि मजकुरात नुसतं ‘एफडी’ नको हो. ‘एफडी बंद केली’ वाचून आमच्या घरचे सोसायटीत चौकशीला जातील.

टिळकवाडीकर: मग असं लिहितो: ‘आधीच उघडलेल्या फाईलचा डिस्क्रिप्टर. चाचणी फाईल स्वतः उघडत नाही.’

निपाणीकर: डिस्क्रिप्टरच ठेवा, उद्यमबागेतली पोरं तेच म्हणतात. ‘लिहिण्याच्या चाचणीसाठी वाचन-लेखन दोन्हींसाठी उघडलेला हवा’ हेही जोडा. नाहीतर ‘ईबीएडीएफ’ (चुकीचा डिस्क्रिप्टर) ही एरर येईल आणि लोक ड्रायव्हरला शिव्या घालत बसतील.