सोसायटी ग्रुप : कूलरच्या पायाखालची कादंबरी

३०४ (रात्री ८.४७) : सर्वांना नमस्कार. कोणाचे मन दुखावण्याचा हेतू नाही, परंतु आज लिहिल्यावाचून राहवत नाही. उन्हाळी वाचन योजनेत माझ्या नववीतल्या मुलाला, ज्याने शाळेच्या पुस्तकांपलीकडे आजवर एकही पुस्तक पूर्ण केलेले नाही, सातशे पानांची ऐतिहासिक कादंबरी देण्यात आली. आज कूलरमध्ये पाणी भरताना ती मला स्टँडच्या लंगड्या पायाखाली सापडली. मागची पन्नास-साठ पाने भिजून पापडासारखी फुगली आहेत. भरपाई मी करीनच, पण दोष एकट्या मुलाचा आहे असे मला वाटत नाही.

१०१ (रात्री ८.५५) : वहिनी, पुस्तक मीच निवडले होते, हे आपण नाव न घेता सांगितलेत, त्याबद्दल आभार. सात वर्षे ते कपाट मी विनामोबदला सांभाळतो आहे. आम्ही त्या वयात असे ग्रंथ दिवाळीच्या सुटीत दोनदा वाचत असू.

२०३ (रात्री ८.५६) : कपाटाची किल्ली सध्या कोणाकडे आहे, हे कृपया कोणीतरी सांगावे.

४०२ (रात्री ९.१०) : काकांच्या सेवेविषयी आदरच आहे, तरीही थोडे वेगळे मांडतो. मी स्वतः पस्तिशीपर्यंत काहीही वाचले नव्हते आणि घरात ते लपवीतही नव्हतो. पुढे कचेरी खापरीकडे गेली आणि मेट्रोत बसून नुसते मोबाइल चाळण्याचा कंटाळा आला, तेव्हा सौभाग्यवतींनी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ पिशवीत टाकून दिली. १९५५ सालची ही कादंबरी दीडशे पानांच्या आत संपते. औंध संस्थानातल्या एका धनगरवस्तीवर एकशिक्षकी शाळा चालवायला एक कोवळा मास्तर पायी निघतो, एवढ्यावर ती सुरू होते. त्यात खलनायक नाही, मोठे रहस्य नाही. गावकरी मिळून तालीम बांधतात, पुढे दुष्काळ पडतो आणि वस्ती हळूहळू रिकामी होते. वाक्ये इतकी आखूड की सीताबर्डीला उतरेपर्यंत एक प्रकरण सहज होई. पाचव्या दिवशी पुस्तक संपले आणि ‘आपणही एक पुस्तक संपवू शकतो’ हे मला प्रथमच कळले. न वाचणाऱ्याला आधी हा अनुभव मिळाला पाहिजे. त्याला पहिल्याच दिवशी सातशे पाने दाखवली, तर आपण हरणार हे तो पुस्तक उघडण्याआधीच ठरवून टाकतो.

१०१ (रात्री ९.१४) : म्हणजे यापुढे साहित्याची थोरवी पाने मोजून ठरवायची.

३०१ (रात्री ९.१५) : काका, सध्या आपण ती वजनावर ठरवत आहोत, आणि तो हिशेब रद्दीवाल्याचा आहे. 😀

१०१ (रात्री ९.१६) : ज्यांनी दोन वर्षांत कपाटातून एकही पुस्तक नेलेले नाही, त्यांनी विनोद बेताने करावेत, अशी नम्र विनंती आहे.

२०३ (रात्री ९.१७) : पुस्तक नेणार कसे? कपाटाची किल्ली कोणाकडे आहे?

५०१ (रात्री ९.२५) : भांडू नका बाबांनो. लहान पुस्तक म्हणजे हलके पुस्तक, असे समजणाऱ्यांनी ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ एकदा हातात घ्यावे. ताराबाई आपल्या विदर्भातल्या, बुलढाण्याच्या. १८८२ साली त्यांनी ते छापले. सुरतेतल्या एका तरुण विधवेच्या खटल्यावरून वर्तमानपत्रांनी समस्त बायकांना दूषणे दिली, त्याला हे उत्तर होते. एका बैठकीत वाचून होते. भाषा जुनी आहे, म्हणून मनात वाचू नये, मोठ्याने वाचावे. मग ती बाई समोर उभी राहून भांडते आहे असे वाटते. मी सुनेला दुपारी वाचून दाखवले, तर ती हातातला सांबार (कोथिंबीर) निवडायचा थांबली.

३०१ (रात्री ९.२७) : आजी, हे नववीतल्या मुलासाठी की त्याच्या वडिलांसाठी?

३०४ (रात्री ९.२८) : वडिलांचा विषय या ग्रुपवर नको.

१०१ (रात्री ९.३३) : विदर्भाचाच विचार करायचा असेल, तर उद्धव शेळके यांची ‘धग’ का नको? वऱ्हाडी बोली मुलांच्या कानांना परकी नाही.

४०२ (रात्री ९.४१) : ‘धग’ थोरच आहे, काका, त्यातल्या कौतिकचे बोलणे वाचताना मला माझी आजी आठवली. पण ती लहान नाही, आणि कौतिकच्या घरावर एकामागून एक जे कोसळत जाते, ते सोसायला वाचनाची थोडी सवय लागते. ते तिसरे-चौथे पुस्तक असावे. विश्राम बेडेकर यांची ‘रणांगण’ (१९३९) लहान असली, तरी महायुद्धाच्या तोंडावर बोटीवर घडणारी ती प्रेमकथा कॉलेजच्या मुलांना अधिक भिडेल. या मुलासाठी मी ‘एका कोळियाने’ सुचवीन. हेमिंग्वे यांच्या १९५२ सालच्या छोट्या कादंबरीचा हा पु. ल. देशपांडे यांनी केलेला अनुवाद आहे. ८४ दिवस एकही मासा न मिळालेला म्हातारा कोळी एकटाच समुद्रात दूर जातो, एवढीच गोष्ट आहे. आपला मुलगा अंबाझरीवर तासन्‌तास गळ टाकून बसलेला मी पाहिला आहे. ज्याला इतका धीर आहे, त्याला हे पुस्तक जड जाणार नाही.

३०४ (रात्री ९.४२) : अंबाझरीवर? केव्हा?

४०२ (रात्री ९.४४) : वहिनी, त्याला बरेच दिवस झाले असतील.

३०४ (रात्री ९.४४) : संध्याकाळी पाच ते सात त्याची गणिताची शिकवणी असते.

३०१ (रात्री ९.४५) : भाऊ, पुस्तक सुचवायला गेलात आणि पोराला गळाला लावलेत.

सचिव (रात्री ९.५२) : कृपया विषयाला धरून लिहावे. योजनेत दीडशे पानांखालील पुस्तकांचा वेगळा कप्पा करावा, अशी सूचना दिसते. काकांची संमती आहे का?

१०१ (रात्री १०.०३) : संमती आहे, पण दोन गोष्टी लिहून ठेवाव्यात. वाचून झाल्यावर मुलांकडून ‘तात्पर्य’ लिहून घेण्याची प्रथा माझी नव्हती, ती मागील समितीने सुरू केली होती आणि ती बंद व्हावी. दुसरे, पहिली दहा पाने मी शनिवारी गच्चीवर मोठ्याने वाचून दाखवीन. नंतर ज्याला पुस्तक न्यायचे त्याने न्यावे, नसेल न्यायचे त्याने नेऊ नये. सातशे पानांचा हट्ट माझा होता, हे मला मान्य आहे. कूलरचा मला मान्य नाही.

३०४ (रात्री १०.२१) : काका, आभारी आहे. चिरंजीवांशी सविस्तर बोलणे झाले. शिकवणीचे नंतर बघू. तो एवढेच विचारतो आहे की त्या म्हाताऱ्याने गळाला आमिष कशाचे लावले होते.

४०२ (रात्री १०.२३) : लहान माशांचेच. कसे लावले होते, ते पुस्तकात नीट दिले आहे. कपाटात प्रत असावी.

२०३ (रात्री १०.२४) : किल्ली?