‘आपली सोसायटी (फक्त कामाचे मेसेज)’ : देशपांडे काकांचा डोंगर

रविवार

शुभदा काकू ए-३०२, सकाळी ७:०८
वंदना, उठलीस का गं? ह्यांनी काल परस्पर इसार देऊन टाकला. एक्कावन्न हजार! पाचगणी आणि महाबळेश्वरच्या मधलं कुठलंसं गाव. डिसेंबरात स्ट्रॉबेरी खायला गेलो होतो तेव्हा बघितलेला बंगला. मला विचारलंसुद्धा नाही. कुणाला बोलू नकोस.

साळवी बी-१०४, ७:१०
काकू, हा सोसायटीचा ग्रुप आहे.

शुभदा काकू, ७:११
अगं बाई. हे काढायचं कसं?

निनाद सी-४०१, ७:११
मेसेज दाबून धरा, वर डब्याचं चित्र येईल.

शुभदा काकू यांनी एक मेसेज पिन केला

निनाद, ७:१४
ते नाही काकू 🙈 आता सात दिवस सगळ्यांना वरच दिसणार.

कदम सेक्रेटरी, ७:२०
सुप्रभात. रिडेव्हलपमेंटच्या करारनाम्यासाठी पॅन, आधार, शेअर सर्टिफिकेट आणि लाइट बिलाची झेरॉक्स ऑफिसात द्यावी. अजून ७ सभासद बाकी. वारंवार सांगावे लागू नये 🙏

परब काका सी-१०२, ७:२६
देशपांडे, इगतपुरी बघा. रेल्वे आहे.

साळवी, ७:३१
कमाल आहे. संमतीपत्रावर सही करायला ह्यांनी आठ महिने लावले. सगळ्यांची दारं झिजवली आम्ही. आणि आता सगळ्यात आधी हेच निघाले डोंगरात.

देशपांडे काका ए-३०२, ७:५२
सर्वांस नमस्कार. साळवी, आठ नव्हे, साडेपाच महिने. त्या साडेपाच महिन्यांत बिल्डरकडून चटईक्षेत्र वाढवून घेतले, ते तुमच्याही फ्लॅटला लागू आहे. असो. विषय उघड झालाच आहे तर सांगतो. ऑक्टोबरात इमारत रिकामी करायची. त्यानंतर तीन वर्षे म्हातारपणी लोकांच्या घरात, वर लिफ्ट चालू आहे का बघत राहायचे, यापेक्षा सह्याद्रीतल्या एखाद्या लहान गावी राहावे असा विचार आहे. कदाचित परत येणारही नाही. सूचनांचे स्वागत.

शुभदा काकू, ७:५४
सूचनांचे स्वागत म्हणे. घरात विचारलं असतंत तर पहिली सूचना फुकट मिळाली असती.

निनाद, ८:०३
काका, डोंगरच हवा तर हिमाचल बघा ना. पालमपूर. चहाचे मळे, मागे धौलाधार. माझा मित्र तिथून काम करतो, मस्त नेट आहे.

तांबे वकील बी-३०१, ८:१५
हिमाचलात बिगरशेतकऱ्याला जमीन घ्यायची तर तिथल्या कायद्याच्या कलम ११८ खाली सरकारची परवानगी लागते. तुझा मित्र भाड्याने राहत असेल.

निनाद, ८:१६
हो, भाड्याने. आणि दिवाळीत परत येतोय. थंडी झेपली नाही.

गावकर ए-१०१, ८:२२
आंबोली! येवा कोकण आपलाच आसा 😄 खाली सावंतवाडी, तिथे कोकण रेल्वेचं स्टेशन. परब काका खूश.

परब काका, ८:२४
सावंतवाडी स्टेशन गावाबाहेर. वर आंबोलीला घाट. इगतपुरीला स्टेशन गावात. मी तीस वर्षं गार्ड होतो. कसाऱ्याला मागून बँकर, म्हणजे ढकलणारं इंजिन लागायचं, ३७ ला १ चा चढ, गाडी कण्हत वर चढायची आणि इगतपुरी आली की अंगावर गार वारा. तो वारा पैशाने मिळत नाही.

साळवी, ८:२५
परब काकांच्या मेव्हण्याचे प्लॉट पैशाने मिळतात मात्र.

परब काका, ८:२६
त्याचा इथे संबंध नाही.

गावकर, ८:२७
😂😂

डॉ. मृणाल सी-२०१, ८:४०
काका, गुड मॉर्निंग. वारा ठीक आहे, पण तुम्हाला दोन स्टेंट आहेत. रात्री दोनला छातीत दुखलं तर १०८ किती वेळात दारात येईल आणि अँजिओग्राफी होते ते हॉस्पिटल तिथून किती तासांवर आहे? मधे घाट आहे का? आधी याची उत्तरं मिळवा, मग सूर्यास्ताचा पॉइंट.

देशपांडे काका, ८:४४
डॉक्टर, आपली काळजी समजते. परंतु गेल्या महिन्यात आपल्याच गल्लीतून निघालेली अँब्युलन्स हायवेला चाळीस मिनिटे अडकली होती.

डॉ. मृणाल, ८:४५
अडकली, पण हॉस्पिटल होतं तिकडे.

कदम सेक्रेटरी, ९:००
करारनाम्यासाठी पॅन, आधार, शेअर सर्टिफिकेट आणि लाइट बिलाची झेरॉक्स. अजून ५ सभासद बाकी.

साळवी, ९:०७
काकांना माथेरान उत्तम. तिथे मोटारींना बंदी, म्हणजे पार्किंगवरून भांडणं नाहीत. आणि जिन्यात कुंड्या ठेवून लोकांची वाटही अडवता येणार नाही.

शुभदा काकू, ९:०९
साळवी, कुंड्यांचा विषय आज नको. तुमची सायकल गेली दोन वर्षं मीटरखोलीत आहे, आम्ही बोललो का काही?

साळवी, ९:१०
सायकल माझ्या मुलाची आहे. आणि ती कमेटीला विचारून ठेवली आहे.

कदम सेक्रेटरी, ९:११
कमेटीला विचारलेले नाही.

गावकर, ९:१४
माथेरानचा बरा आहे विचार. गाडी दस्तुरी नाक्याला ठेवायची, पुढे मिनी ट्रेन नाहीतर लाल मातीतून तंगडतोड. गॅस सिलिंडरपासून सगळं वर घोड्यावर नाहीतर हमालाच्या डोक्यावर. काकूंच्या गुडघ्याला व्यायाम.

वंदना शिंदे बी-२०२, ९:३५
मी आत्ता बघितलं हे सगळं. काकू, मला फोन करायचा ना.
काका, माझं माहेर वाईचं, तेव्हा त्या घाटाचं थोडं कळतं म्हणून बोलते, राग मानू नका. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, मुंबईच्या दुपटीहून जास्त. आणि तो आपल्यासारखा पडून जात नाही. ढगच घरात येऊन बसतो. माझी मावशी पाचगणीच्या वर नोकरीला होती. पावसाळ्याआधी तिथे घराच्या भिंती गवताने आणि प्लास्टिकने बांधून घेतात, म्हणजे दिवसाही आत अंधार. कपाटात रात्रंदिवस बल्ब पेटता ठेवायची ती, नाहीतर शालूवर बुरशी. मिठाच्या बरणीत पाणी. आगपेटी चुलीच्या उबेला ठेवायची. आठ आठ दिवस लाइट नाही, त्यात बल्ब पण गेला, मग शालू पण गेला. तुम्ही बघितलंत डिसेंबरात. डिसेंबरात कुठलंही गाव सुंदरच दिसतं की.

देशपांडे काका, ९:५१
वहिनी, माहिती मोलाची. परंतु शाळेत चौतीस वर्षे भूगोलही शिकवला आहे. पर्जन्यमान ठाऊक आहे.

शुभदा काकू, ९:५२
पर्जन्यमान ठाऊक आहे, पापड वाळवणं ठाऊक नाही.

तांबे वकील, १०:०५
पावसाचं राहू द्या. जमीन एनए, म्हणजे बिगरशेती आहे का? सातबारा बघितलात?

देशपांडे काका, १०:१२
एजंट म्हणाला, जमीन शेतीची आहे पण वर बंगला झालेलाच आहे, काही अडचण येत नाही. सर्वच घेतात.

तांबे वकील, १०:१४
काका. शेतजमीन घ्यायला तुम्ही शेतकरी असावं लागतं. कुळकायदा, कलम ६३. वर बंगला असो नाहीतर राजवाडा. शिवाय महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून इको सेन्सिटिव्ह झोन. बांधकामाची परवानगी दाखव म्हणावं. नसेल तर बंगला तुमचा आणि जेसीबी सरकारचा.

देशपांडे काका, १०:१९
आमच्या आजोबांची रत्नागिरीस जमीन होती.

तांबे वकील, १०:१९
होती की आहे?

देशपांडे काका, १०:२२
कुळकायद्यात गेली.

परब काका, १०:२३
म्हणजे आमच्या आजोबांकडे आली 😄 १ एप्रिल १९५७. आजोबा दरवर्षी त्या दिवशी नारळ फोडायचे.

देशपांडे काका, १०:२५
परब, हा विनोदाचा विषय नाही.

परब काका, १०:२६
आमच्याकडे पण नव्हता. असो. इगतपुरीला एनए प्लॉट मिळतात.

साळवी, १०:२७
आले मेव्हणे.

कदम सेक्रेटरी, ११:००
पॅन, आधार, शेअर सर्टिफिकेट, लाइट बिल. अजून ३ बाकी. नावे जाहीर करण्याची वेळ आणू नये.

निनाद, ११:०४
जो राहत नाही त्याला नॉन ऑक्युपन्सी लागतं ना? नवीन बिल्डिंग झाल्यावर काका डोंगरात आणि फ्लॅट भाड्याने, तर किती?

कदम सेक्रेटरी, ११:०६
सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत. तुझ्या वडिलांचे आठ महिन्यांचे मेंटेनन्स थकले आहे, त्याचेही बघ.

निनाद, ११:०६
😶

गावकर, ११:३०
तरी मी म्हणतो आंबोली. धुक्यात भजी आणि चहा. अजून काय पाहिजे माणसाला?

डॉ. मृणाल, ११:४१
गावकर, भजी तुम्ही वर्षातून एकदा खाऊन खाली येता. डोंगरात घर घेताना वरचा उतार बघावा लागतो. दरडी आठवा. माळीण ३० जुलै २०१४. तळिये २२ जुलै २०२१. इर्शाळवाडी १९ जुलै २०२३. तिन्ही जुलै. इर्शाळवाडीनंतर आमच्या हॉस्पिटलमधून टीम गेली होती, मी पण गेले होते. गाडी वर जातच नव्हती, सगळे चिखलातून चालत. मला आता डोंगर बघितला की आधी त्याच्या पायथ्याचं घर दिसतं.

(बराच वेळ कुणीच काही लिहिलं नाही.)

गावकर, ११:५८
सॉरी डॉक्टर. भजीचं उगाच बोललो.

परब काका, १२:०२
इगतपुरीत स्टेशनजवळचा भाग सपाट आहे.

शुभदा काकू, दुपारी २:१०
आता चुकून नाही, मुद्दाम ह्या ग्रुपवर लिहिते, कारण घरात बोललं की हे वर्तमानपत्र वर धरतात.
त्या बंगल्याला मी पण आले होते. हे गच्चीत उभे राहून हवा घेत होते. मी खाली रस्त्यावर एक फेरी मारली. त्या ओळीत एकूण सात बंगले. पाचांना कुलूप. दोन कुलपांना गंज चढलेला, एकाच्या फाटकावर वेल वाढून कडीत घुसलेली. मुंबई-पुण्याची माणसं, मे महिन्यात येतात म्हणाला वॉचमन. तो पण सहा वाजता खाली त्याच्या वाडीत जातो. म्हणजे रात्री त्या ओळीत कोण? आम्ही दोघं आणि माकडं.
इथे मला साळवी आवडत नाहीत. पण ह्यांना मागच्या श्रावणात चक्कर आली तेव्हा पहिल्या मिनिटाला बनियनवर धावत आले ते साळवीच.
डोंगराला माझं नाही म्हणणं नाही. माझंही बालपण नाशिककडचं. पण गाव पाहिजे. दूधवाला, देऊळ, भाजीवाली, भांडायला शेजारी. नुसती हवा घेऊन काय करू?

वंदना शिंदे, २:१५
काकू ❤️

साळवी, २:३१
शर्ट घालायला वेळ नव्हता.

देशपांडे काका, सायंकाळी ५:४०
एजंटशी बोललो. इसार परत देण्यास का कू करतो आहे. पावती नाही, ‘रक्कम मिळाली’ एवढा मेसेज आहे.

वंदना शिंदे, ५:४४
नंबर मला पाठवा काका. माझा भाऊ बोलेल त्याच्याशी. गोडीने बोलतो, पण उंची सहा फूट आहे.
आणि एक सुचवू? घ्यायचं काहीच नको. आमच्या वाईच्या घराची, गंगापुरीत, वरची खोली रिकामी आहे. जुलैत पंधरा दिवस या दोघं. मे नाही, डिसेंबर नाही, जुलै. महाबळेश्वर ३२ किलोमीटरवर, पण पाऊस त्याच्या पाव हिश्श्याचासुद्धा नाही. चहूकडे डोंगर आहेतच, पसरणीचा घाट चढलं की पाचगणी. कृष्णेला पाणी आलं की अख्खं गाव घाटावर बघायला जमतं, काकूंना माणसांची ददात नाही. साताऱ्याला मोठी हॉस्पिटलं, मधे घाट नाही. डॉक्टर, बरोबर ना?

डॉ. मृणाल, ५:५०
चालेल. कार्डिऑलॉजिस्टचा नंबर आधी घेऊन ठेवा, पोचल्यावर नाही.

परब काका, ५:५२
वाईला रेल्वे नाही. वाठारला उतरून एसटी.

देशपांडे काका, ६:०५
परब, मला पंचाहत्तर पूर्ण झाली. एसटी मला पूर्ण मोफत आहे, हिला अर्धे तिकीट. रेल्वेची सवलत तर बंदच झाली.

परब काका, ६:०६
हा मुद्दा आहे.

देशपांडे काका, ६:२०
वाई म्हणजे विश्वकोशाचे गाव. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींचे. तरुणपणी एकदा त्या कार्यालयाच्या दारापर्यंत जाऊन परत आलो होतो, आत जायचे धैर्य झाले नाही. जुलैत जाऊन बघू. शुभदा हो म्हणाली आहे.

शुभदा काकू, ६:२१
बघू म्हणाले आहे.

कदम सेक्रेटरी, ८:००
झेरॉक्स. आता फक्त १ सभासद बाकी. ए-३०२.

साळवी, ८:०१
वाटलंच होतं.

शुभदा काकू, ८:०४
चारही झेरॉक्स महिनाभर कपाटात तयार आहेत. परत यायचं की नाही ते ठरत नव्हतं म्हणून हे देत नव्हते. उद्या मीच आणून देते, कदम.

शुभदा काकू, ८:०९
आणि जुलैत पंधरा दिवस कुंड्यांना पाणी कोण घालेल? वंदना तेव्हा लेकीकडे आहे.

(निनादने अंगठा दाखवला, मग काढून घेतला.)

साळवी, ८:२६
तुळस आणि मोगरा मी बघतो. बाकीच्या जिन्यातून हलवा.

साळवी, ८:२७
मोगऱ्याला रोज, का एक दिवसाआड?