सायकल रेसिंग करणाऱ्या पोरांना दर आठवड्याला मसाज खरंच लागतो का?

पसरणीचा_चढ
सरळ मांडतो, पटलं नाही तर खुशाल भांडा. आमच्या ग्रुपच्या कोचनी सतरा-अठरा वर्षांच्या पोरांना सांगितलंय की रविवारच्या लाँग राइडनंतर स्पोर्ट्स मसाज घ्यायचाच, नाहीतर लॅक्टिक अ‍ॅसिड पायात साचून राहतं. एका वेळेचे हजार रुपये. त्यातल्या एकाचे वडील रिक्षा चालवतात, पोराची चेन ताणून इतकी सैल झालीये की चढावर गिअर उडतो, पण चेनला पैसे नाहीत आणि मसाजचे मात्र दर आठवड्याला जातायत, हे बघून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

अहो लॅक्टेट, म्हणजे हे तुमचं लॅक्टिक, साचून राहतच नाही. जीव तोडून स्प्रिंट मारा आणि नुसते बसून राहा, तरी साधारण तासाभरात ते आपोआप खाली येतं, हलकं पेडल मारत राहिलात तर अजून लवकर, कारण स्नायू आणि हृदय तेच इंधन म्हणून जाळतात. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना जी मांडी दुखते ती स्नायूंच्या धाग्यांना झालेल्या बारीक इजेमुळे. २०२० मध्ये मसाजवरचे २९ अभ्यास एकत्र करून बघितले गेले, ताकद, स्प्रिंट, दमसास कशातच सुधारणा दिसली नाही, फक्त दुखणं थोडं कमी आणि लवचिकता जराशी जास्त. एवढ्यासाठी महिन्याचे चार हजार? त्यात दूध, अंडी, केळी येतात की.

फिजिओताई
लॅक्टिकचं तुमचं शंभर टक्के बरोबर, आमच्याच क्षेत्रातले लोक अजून तेच सांगतात याचा मलाही राग येतो. पण त्यावरून मसाजच बिनकामाचा हे नाही पटत. २०१२ चा कॅनडातल्या मॅकमास्टर युनिव्हर्सिटीचा अभ्यास आहे, ११ जणांना सायकलवर पार दमवलं, मग एकाच पायाला १० मिनिटं मसाज, दुसरा पाय तसाच, आणि दोन्ही मांड्यांतून स्नायूचा बारीक तुकडा काढून तपासला. लॅक्टेटमध्ये फरक शून्य, पण मसाज केलेल्या पायात दाह वाढवणारे संकेत कमी सापडले.

आणि अभ्यास सोडा, हाताला जे कळतं ते पेडलवरचा जोर मोजणाऱ्या पॉवर मीटरला कळत नाही. मागच्या महिन्यात एक मुलगा आला, काही दुखत नाही म्हणाला, हात फिरवला तर डावी पोटरी मऊ आणि उजवी दगडासारखी. बूट आणायला लावले तर उजव्या क्लीटचा, म्हणजे बुटाच्या तळाला पेडलमध्ये अडकणारा तुकडा असतो त्याचा, स्क्रू सैल, क्लीट चांगला बोटभर पुढे सरकलेला. अजून दोन आठवडे तसाच चालवला असता तर टाच धरून बसला असता.

पसरणीचा_चढ
ताई, ११ जणांवरून किती बोलायचं? आणि क्लीटचं म्हणाल तर ती तपासणी झाली, ती महिन्यातून एकदा करा की, माझी ना नाही. माझं भांडण दर आठवड्याच्या सक्तीशी आहे.

तालमीतला
कोल्हापूरचा आहे, आधी कुस्ती आता सायकल. तालमीत मालिश कोण विकत घेतंय हो? जोर-बैठका झाल्या की जोडीदार तुमची पाठ-मांड्या रगडतो, मग तुम्ही त्याची. वस्ताद नवीन पोराला पहिलं हेच शिकवतात की हाडावर जोर द्यायचा न्हाई, मांसावर द्यायचा. आमच्या पिढ्यांनी पिढ्या लॅक्टिकचं नाव न ऐकता हे केलंय आणि फायदा होतो म्हणूनच केलंय. पोरांना दोघं-दोघं करून शिकवा, तेलाची बाटली तेवढी लागेल.

ग्रुपेटो
सगळे एक गोष्ट विसरताय, कुठली रेस? टूर द फ्रान्सला २१ स्टेज, म्हणजे रोजचा एक टप्पा, आणि मध्ये फक्त दोन विश्रांतीचे दिवस, तिथे स्वानियर, म्हणजे टीमचा मालिशवाला, रोज संध्याकाळी प्रत्येकाचे पाय धरतो. रायडर पायाचे केस काढतात त्याचं एक कारण हेच, तेल लावून रगडताना ओढ बसत नाही. इटलीचा जुना चॅम्पियन फाउस्तो कोप्पी, त्याचा मालिशवाला काव्हान्ना तर आंधळा होता, नुसत्या हातांवर पोरं पारखायचा. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर ही स्टेज रेस बघितली ना, आज पळायचं, उद्या परत पळायचं, तिथे दुखणं थोडं जरी कमी झालं तरी मोलाचं आहे. मुंबई-पुणेसारखी एका दिवसाची रेस असेल तर बोरघाट चढून संपलं, मग चार दिवस आहेतच की अंग मोकळं व्हायला. त्यामुळे स्टेज रेसला मसाज हवाच, एरवी हा धागा सुरू करणाऱ्यांशी सहमत.

ज्युनिअरची_आई
माझी मुलगी १५ वर्षांची, राज्य पातळीवर पळते. वेगळा मुद्दा मांडते, राग मानू नका. मागच्या कॅम्पमध्ये मुलींना एकेकटं बंद खोलीत पाठवत होते, आत अनोळखी पुरुष, आणि मी दारात उभी राहते म्हटलं तर मलाच संशयी ठरवलं. मांडीला हात लावायचा विषय आहे, आईवडिलांना विचारायला नको? मी तिला घेऊन सरळ घरी आले. आता मीच करते, वाटीत खोबरेल कोमट करायचं, घोट्याकडून वर गुडघ्यापर्यंत, मग मांडी, वीस मिनिटं. त्यात ती शाळेचं, रेसचं सगळं बोलते, आणि आठ तास झोपते. फायदा तेलाचा की झोपेचा ते तुम्ही ठरवा, मला फरक दिसतो.

फिजिओताई
तुम्ही केलंत ते अगदी योग्य. अठराच्या आतलं मूल असेल तर पालक किंवा त्यांनी ठरवलेलं माणूस खोलीत असलंच पाहिजे, शॉर्ट्स अंगावरच, आणि मूल नको म्हणालं की थांबायचं, यात चर्चेला जागाच नाही. घरी करताय म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवा. एकच पोटरी सुजली, गरम लागली आणि दुखतेय तर अजिबात रगडू नका, रक्ताची गुठळी असू शकते, थेट डॉक्टरकडे. आणि रेसच्या आदल्या दिवशी खोलवर दाबू नका, सकाळी पाय जड वाटतात.

तालमीतला
आईंशी सहमत. तालमीत सगळं उघड्यावर चालतं, दार लावायची पद्धतच न्हाई.

पसरणीचा_चढ
आईंचा मुद्दा माझ्या डोक्यातही नव्हता आला, कोचशी आधी त्यावरच बोलतो. स्टेज रेसचं मान्य, ताई तुमची तपासणी महिन्यातून एकदा, तीही मान्य. दर आठवड्याचे हजार आणि लॅक्टिकची भीती, हे दोन्ही मात्र अजून चूकच म्हणतो. त्या पोराला शनिवारी दुकानात घेऊन जातोय, चेन बदलायला आणि क्लीट बघायला. कोणाकडे जुनी पण धड अकरा स्पीडची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकाच्या दातेरी चकत्या, पडली असेल तर सांगा, नवीन चेन घासलेल्या दात्यांवर बसणार नाही.