एकाच 'पट्टीत' दोन आवाज: स्टाफ आणि व्हॉइसला मराठीत काय म्हणायचं?

सोनचाफा, ठाणे
वर्तकनगरला आमच्या सोसायटीत बायकांचा गायनगट आहे. यंदा पहिल्यांदाच एक प्रार्थना दोन आवाजांत बसवतोय. म्युझस्कोअर या संगीत लिहायच्या प्रोग्रॅममध्ये मीच लिहून काढली. दोन्ही चाली एकाच स्टाफवर, म्हणजे सूर लिहायच्या पाच रेघांवर. सुराच्या टिकलीला जोडलेल्या उभ्या दांड्या पहिल्या गटाच्या वर, दुसऱ्याच्या खाली. कागद वाटले आणि तालमीत सांगितलं, "दोन्ही गटांचं एकाच पट्टीत लिहिलंय." पेटीवाले काका म्हणाले, "काळी चार ना? मग झालं." आणि दुसऱ्या गटाने पहिल्या गटाचीच चाल धरली! स्टाफला मी मनात 'पट्टी' म्हणत होते, पण गाणाऱ्याला पट्टी म्हणजे पेटीवर ज्या सुराला सा धरायचा तो, काळी चार, पांढरी पाच.
आता गटासाठी दोन पानं सूचना लिहितेय. स्टाफ आणि व्हॉइस (एका स्टाफवरची प्रत्येक स्वतंत्र चाल) या दोनच शब्दांवर अडलेय. व्हॉइसला 'आवाज' म्हणून 'दुसरा आवाज कमी ठेवा' असं लिहिलं तर हळू गायचं की कमी जणींनी गायचं?

अक्षरवेल
स्टाफला 'पंचरेखा' आणि व्हॉइसला 'कंठ'. द्विकंठी, त्रिकंठी रचना असंही म्हणता येईल. शब्द नेमके आहेत आणि कानाला गोड लागतात.

वाशीकर
पंचरेखा चालेल, पण ग्रेगोरियन चांट, म्हणजे चर्चमधलं जुनं लॅटिन प्रार्थनागायन, आजही चार रेघांवर लिहितात. तिथे काय, चतुष्रेखा?
'कंठ' मात्र अजिबात नको. व्हॉइसचा गळ्याशी संबंध असेलच असं नाही. पियानोच्या एकाच स्टाफवर वर लांब स्वर धरलेला असतो आणि खाली भरभर चाल सुरू असते. तेही दोन व्हॉइसच. दोन चालींची लय वेगळी असेल तर व्हॉइस वेगळे करावेच लागतात. लय एकच असेल तर एका दांडीला दोन टिकल्या लावून भागतं. म्युझस्कोअरमध्ये एका स्टाफवर चार व्हॉइस मिळतात. पहिला निळा, दुसरा हिरवा. कंट्रोल, आल्ट आणि २ दाबलं की दुसऱ्यात लिहिता येतं.
आणि 'वरचा-खालचा' असंही लिहू नका. मधेच दुसऱ्या गटाची चाल पहिल्याच्या वर गेली, तरी दांडी खालीच राहते. कोण कोणाचं ते दांडीवरूनच कळतं. दोघी एकाच स्वरावर आल्या तर एकाच टिकलीला वर एक आणि खाली एक, अशा दोन दांड्या.

सोनचाफा
हे टिकलीचं फार उपयोगी. आमच्या तिसऱ्या ओळीत तसंच आहे आणि दोघीतिघींनी विचारलं होतं की ही छपाईची चूक आहे का.

तलावपाळी
माझं लहानपण चर्चच्या क्वायरमध्ये गेलं, आणि घरी आम्ही मराठीच बोलतो. तिथे सरळ 'फर्स्ट' आणि 'सेकंड' म्हणायचे. "ए, तू सेकंडला उभी राहा." एवढ्यावर सगळं चालायचं. गाणी मराठी, 'उपासना संगीत'मधली. कोणी कंठबिंठ म्हटलेलं आठवत नाही. गाणारी माणसं जे म्हणतात तेच लिहावं.

अक्षरवेल
मग मराठी शब्द कधी घडायचे? ठाण्याच्या महापालिकेत आज कोणी 'मेयर' म्हणतं का? 'महापौर' हा सावरकरांनी घडवलेलाच शब्द आहे. वापरला म्हणून रुळला. पहिल्या दिवशी तोही जडच वाटला असणार.

तलावपाळी
महापौर वर्षातून दोनदा बोलायचा शब्द आहे. तालमीत दर मिनिटाला ओरडायचा शब्द दोन अक्षरी हवा.

जुना टाळकरी
आपल्याकडे शब्द आहे आणि तो विसरला जातोय याचं वाईट वाटतं. झील! शाहिराच्या मागे झीलकरी झील धरतात. सेकंड म्हणजे झीलच की.

वाशीकर
काका, झीलकरी शाहिराचीच ओळ उचलतो, धरून ठेवतो. त्याला स्वतंत्र चाल नसते. इथे दुसऱ्या गटाची चालच वेगळी आहे. झील म्हटलं की त्या पुन्हा पहिल्या गटामागे जाणार, म्हणजे सोनचाफाताईंची मूळ अडचण परत आलीच.

जुना टाळकरी
आमच्या गावचा झीलकरी नुसती ओळ उचलायचा नाही. शाहीर खाली आला की तो वरचा षड्ज धरून राहायचा. दोन सूर एका वेळी ऐकू यायचे. कागदावर नव्हतं एवढंच.

अनुवादिका
सॉफ्टवेअरचं मराठीकरण हे माझं रोजचं काम, म्हणून सांगते. 'पार्ट' हा शब्द व्हॉइससाठी अडवू नका. या प्रोग्रॅममध्ये पार्ट म्हणजे एका वाद्याचा वा गटाचा वेगळा छापलेला कागद. दोन्हींना 'भाग' म्हटलं की गोंधळ ठरलेला.
माझा शब्द: पदर. तीनपदरी सूत, दुपदरी माळ, चारपदरी रस्ता. एका दोऱ्यात वेगवेगळे पदर असतात आणि प्रत्येक बोटाने उचलून दाखवता येतो. एका स्टाफवर दोन पदर. फिनाले नावाच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये याच सोयीला 'लेयर' म्हणत, तिथेही हा शब्द बसतो.

अक्षरवेल
सुंदर! कंठ मागे घेते.

तलावपाळी
"दुसरा पदर, सूर चढवा" असं म्हटलं तर सगळ्या साडी सावरतील. मी हे मनापासून सांगतेय. बायकांच्या गटात पदर म्हणजे पहिल्यांदा साडीच.

अनुवादिका
साडीचा पदर हाही वस्त्राचा मोकळा भागच. पोळीला पदर सुटतात तेव्हा कुणाला साडी आठवते? संदर्भाने अर्थ कळतो.

सोनचाफा
सगळ्यांचे आभार. तालीम आज संध्याकाळी आहे, म्हणून सूचनांच्या पानांत तूर्त 'वरदांडी गट' आणि 'खालदांडी गट' असं लिहिलंय. स्टाफला 'पाच रेघा'. पण व्हॉइसची जागा अजून रिकामीच सोडलीय. पदर लिहावं का, अजून कुणी सांगेल का?

जुना टाळकरी
पोळीला सुटतात ते पदर नव्हेत, पापुद्रे. आमची आई पुरणपोळीला पापुद्राच म्हणायची.

अनुवादिका
पापुद्रा वरचा पातळ, सोलून निघतो तो. घडीच्या पोळीला आत तीन-चार सुटतात ते पदर. पुरणपोळीला घडी कुठे असते, काका?

जुना टाळकरी
आमच्या सोलापूरकडे दोन्हीला पापुद्राच. पदर फक्त लुगड्याचा आणि सुताचा.