सिमेंटचे पत्रे काढायचे आहेत, मजूर उद्याच येऊन राहिले, मदत हवी

रोशन_मानेवाडा: भाऊ लोक, अर्जंट आहे. पत्रे काढून लोखंडी रंगीत पत्रे टाकायचे आहेत, मजूर उद्या ८ वाजता येणार आणि आज बायकोचा मावसभाऊ म्हणे यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं, फोडलं तर कॅन्सर होतो. ठेकेदार म्हणतो काही नसतं, वीस वर्षं हेच करून राहिलो. अ‍ॅडव्हान्स देऊन झाला. थांबवू का नको?

कवेलूवाला: घराचे का शेडचे? किती जुने? फुटके का अख्खे? हे नाही लिहिलं तर सांगणार काय!

रोशन_मानेवाडा: वरच्या मजल्याची खोली आहे, बाबांनी १९९४ मध्ये बांधली, १४ पत्रे.

नंदनवनकर: गरमीसाठी काढत असाल तर काढूच नका, वरून ऊन परतवणारा पांढरा रंग मारा, आम्ही दोन हात मारले, मे महिन्यात ४५ डिग्रीत पण दुपारी खोलीत बसता येतं, कूलर लवकर थंडावा देतो.

स्नेहल_व: रंग मारा पण आधी तारेच्या ब्रशने शेवाळ घासू नका, त्यानेच धूळ उडते. रोशन, १९९४ चे पन्हळी सिमेंट पत्रे म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस आहे असंच धरून चाला, बहुतेक पांढरा प्रकार, क्रायसोटाइल. अख्खा पत्रा डोक्यावर आहे म्हणून घाबरायचं कारण नाही, कापला, ड्रिल मारला, हातोड्याने फोडला की बारीक तंतू उडतात, डोळ्याला दिसत नाहीत आणि फुप्फुसात अडकून राहतात. त्रास कळायला २०-३० वर्षं जातात, म्हणून ठेकेदाराच्या वीस वर्षांना काही अर्थ नाही.

इतवारी_७०: एवढं घातक असतं तर दुकानात मिळालं असतं का? अर्धा विदर्भ त्याखालीच झोपतो. आमचं सगळं लहानपण त्याखाली गेलं, लोकांना उगीच घाबरवून राहिले.

स्नेहल_व: काका, दुकानात मिळतं हेच तर दुःख आहे. साठाच्या वर देशांनी बंद केलं, आपण अजून रशियाकडून विकत घेतो. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संस्था सगळ्याच प्रकारांना कॅन्सरकारक म्हणते. माझे बाबा पत्र्याच्या कारखान्यात २६ वर्षं होते, कोरड्या गोण्या हाताने फोडायचे, शर्ट झटकून घरात यायचे आणि ते शर्ट आई धुवायची. शेवटी अ‍ॅस्बेस्टोसिस, म्हणजे याच तंतूंनी होणारा फुप्फुसाचा आजार, निघाला, दहा पायऱ्या चढवत नव्हत्या. मी मनातलं सांगत नाही.

इतवारी_७०: वाईट झालं पोरी. पण कारखाना वेगळा आणि घर वेगळं.

कवेलूवाला: वेगळंच आहे, पण उद्या हा कटर लावणार आहे ना! आणि लोखंडी पत्र्यावर वानरं नाचली की झोप उडते, कवेलू (कौलं) टाका म्हणतो मी.

नंदनवनकर: वानरं कवेलू पहिले फोडतात भाऊ, नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या वाड्यात दरवर्षी शेकारणी.

रोशन_मानेवाडा: वानरं सोडा ना. एक सांगायचं राहिलं, काल एक पत्रा काढताना फुटला, पोराने झाडूने लोटून काढलं.

स्नेहल_व: हे आधी सांगायला पाहिजे होतं! एका दिवसाने धोका फारसा वाढत नाही, पण आता झाडू बंद, ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं फेकून द्या. उद्या पत्र्यांवर पाणी आणि थोडं भांड्याचं लिक्विड मारत राहा, पत्रा धरून ठेवणाऱ्या J आकाराच्या हुकचा नट सुटला तर सोडवा, गंजला असेल तर हुक कापा, पण पत्र्याला कटर लावू नका. पत्रे अख्खे उतरवा, वरून फेकू नका. एफएफपी३ किंवा पी१०० मास्क सगळ्यांना द्या, कापडी किंवा एन९५ यासाठी पुरत नाही. आणि पत्र्यावर उभं राहू देऊ नका, जुना पत्रा पायाखाली फुटतो, फळी टाका.

कवेलूवाला: आणि ते पत्रे भंगारवाल्याला किंवा शेजारच्या कोंबड्यांच्या खुराड्याला देऊ नका.

रोशन_मानेवाडा: मग टाकू कुठे?

स्नेहल_व: जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. बुटीबोरीला घातक कचऱ्याचं केंद्र आहे, तिथे घरगुती माल घेतात का ते विचारा, महापालिकेलाही विचारा.

रोशन_मानेवाडा: ठेकेदार पाणी मारून काढायला तयार झाला, पण एक दिवस जास्त लागेल, मजुरी वाढवून मागून राहिला. देतो. पोराला आजीकडे पाठवलं. बुटीबोरीला सकाळी फोन करतो, काय सांगतात ते इथेच लिहितो.